मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मास्तरांचा उजवा बूट डाव्याच्या कितीतरी आधी म्हातारा व्हायचा. डावा अजून लग्नातला वाटावा इतका तुकतुकीत, आणि उजव्याच्या तळातून पायमोजा बाहेर डोकावायला लागलेला. बूट शिवणारा दोन्ही बूट उलटे करून बघायचा आणि विचारायचा, "मास्तर, लंगडी खेळता का हो अजून?" मास्तर हसायचे नाहीत. स्वतःवरचा विनोद म्हणजे त्यांच्या मते समोरच्याचा गैरसमज.

बूट कशानं झिजतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मास्तर गाडी शिकवायचे. छपरावर लाल अक्षराची पाटी मिरवणारी जुनी पांढरी मोटार, स्टेअरिंगला लटकलेला, घामाघूम झालेला एखादा शिकाऊ, आणि त्याच्या डाव्या हाताला मांडीवर छत्री आडवी टाकून बसलेले मास्तर. अशा गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक बसवलेला असतो, अडीअडचणीला दाबायला. मास्तरांच्या लेखी अडचण किल्ली फिरवल्याबरोबर सुरू व्हायची. समोरून सायकल आली, दाब ब्रेक. सायकल येईलसं वाटलं, दाब ब्रेक. रस्ता मोकळा असला तर तो इतका मोकळा का, या संशयानं दाब ब्रेक. गाडी गचका खाऊन थांबली, की शेजारच्याकडे वळून म्हणायचे, "मेला असतास. मी होतो म्हणून."

यामुळे शिकणाऱ्याला कधी कळायचंच नाही, की गाडी आपण थांबवली की मास्तरांनी. परवाना मिळेपर्यंत सगळं झकास. मग तो स्वतःची गाडी घ्यायचा, ऐटीत घराकडे आणायचा आणि फाटक जवळ आलं तरी शेजारच्या रिकाम्या सीटच्या भरवशावर निवांत बसून राहायचा. गावात ज्याचं फाटक वाकडं तो ब्रेकमास्तरांचा विद्यार्थी, हे वेगळं विचारावं लागत नसे.

रविवारी मास्तर चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचे, तेही पाळकाच्या डाव्या हातालाच. सवय. प्रार्थना करायला त्यांना फार आवडायचं आणि त्यांनी ती करू नये असं बाकी सगळ्यांना फार वाटायचं. देवाला ते 'बापा' म्हणत, पण बोलत मात्र शिकाऊ माणसाशी बोलावं तसं. "हे बापा, आपल्या चर्चच्या सेक्रेटरींच्या गुडघ्याकडे लक्ष दे. घाई करू नकोस, पण टाळाटाळही नको. पाऊस दे, बेताचा. आणि बापा, जरा मागं बघ. मागच्या बाकावरचे झोपलेत." देवाला आरसा बघायला सांगणारा दुसरा भक्त कुठं असेल तर त्यानं हात वर करावा.

देव कसा आहे याबद्दल मास्तरांच्या मनात काडीची शंका नव्हती. देव साधारण त्यांच्यासारखा होता, फक्त वयानं मोठा. "तो आपल्या शेजारी बसलाय," ते सांगायचे, "आणि त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. तुम्ही चुकलात की दाबला. बाप म्हणजे दुसरं काय असतं?"

अशात चर्चला नवे पाळक आले. वयानं लहान, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात गिटार. दर रविवारी यांचं एकच. देव प्रेमळ बाप आहे, तो आपल्याकडे बघून खूश होतो, आपण नुसते आलो तरी त्याला आनंद होतो. मास्तर पहिल्या बाकावर बसून नाकानं हसायचे. खूश! कशावर? या मंडळीकडे नीट बघितलंय का यानं? सेक्रेटरी वर्गणीच्या वेळी डोळे मिटून प्रार्थनेत जातात, गायनमंडळातल्या निम्म्या जणी एकमेकींशी बोलत नाहीत, आणि देव म्हणे खूश!

एकदा उपासना संपल्यावर त्यांनी पाळकांना दारातच गाठलं.

"साहेब, तुमचा देव फार लाड करतो."

"बापच तो, मास्तर. करणारच."

"बाप असे नसतात."

"मग कसे असतात? तुमच्यासारखे?"

"का? काय वाईट आहे?"

पाळक हसले. "देव तुमच्यासारखा असता ना मास्तर, तर मी अजून पहिल्या गिअरमध्येच असतो."

"आहातच," मास्तर म्हणाले. "चर्चचं फाटक बघा."

पाळकही इथं आल्यावर त्यांच्याच हाताखालून गेलेले होते. फाटक खरंच वाकडं होतं.

आता खरी गोष्ट. मास्तरांना एकुलती एक मुलगी. तिला त्यांनीच शिकवायला घेतलं, आणि तिथंच सगळं फसलं. परक्या माणसाला ते कसंबसं का होईना, परीक्षेला पाठवायचे. पोटच्या पोरीला मात्र, "अजून तयार नाही." तिच्यामागून आलेले परवाने घेऊन गेले, फाटकं तोडून दुरुस्तही करून झाली, आणि ही अजून पांढऱ्या मोटारीत. मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघणारे शिकाऊ बसलेले असत. त्यांच्यासमोर मास्तर तिला 'क्लचबाई' म्हणायचे. नाव गावानं उचललं. वाणीसुद्धा साखर बांधता बांधता विचारायचा, "काय क्लचबाई, आज पायीच?"

एका सकाळी मोठ्या चौकात, मधल्या गोल बागेला वळसा घालताना तिनं वेग कमी करत आणला होता. मास्तरांनी ब्रेक दाबला. गचका. मागच्या सीटवर कुणीतरी खिदळलं.

ती समोर बघतच म्हणाली, "पाय काढा, पप्पा. मीच थांबवत होते."

"तू? मी होतो म्हणून..."

"तेच तर. तुम्ही नसताना मी काय करते, ते तुम्हाला बघायचंच नाहीये."

"अक्कल नंतर शिकव. क्लच सोड आणि चल."

तिनं क्लच सोडला. स्टेअरिंग सोडलं. दार उघडून गाडीही सोडली, आणि चौफेर भोंग्यांच्या गदारोळात रस्ता ओलांडून सरळ समोरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिरली. त्या स्कूलचा मालक शिकवताना च्युइंगम चघळत खिडकीबाहेर बघत बसायचा. मास्तरांच्या मते तो माणूस म्हणजे चालताबोलता अपघात. त्याच्याकडे ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग जड वाहनांचा परवाना काढला आणि शेजारच्या शहरात बस कंपनीत लागली. मास्तरांनी जाहीर केलं, माफी मागितल्याशिवाय या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. त्यांनी आयुष्यात दिलेल्या सूचनांपैकी एवढी एकच तिनं तंतोतंत पाळली. बरीच वर्षं.

मास्तर मात्र अधूनमधून पिशवी घेऊन फळं आणायला निघायचे आणि बाजार सोडून बस स्टँडवर पोचायचे. तिथं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून, त्याच्या कडेवरून, ती एवढं मोठं धूड मागं घेऊन फलाटाला लावते ते बघायचे. "आरसा बघितला नाही," असं पुटपुटायचे. तिनं बघितलेला असायचा. बस निघून वळणाआड जाईपर्यंत पान काही उलटायचं नाही. घरी आल्यावर सांगायचे, सगळी फळं सडकी होती.

"रोजच सडतात हो त्या बाजारात," बायको म्हणायची आणि पिशवी खिळ्याला अडकवायची.

ही बायको एका दुपारी इस्त्री करता करता म्हणाली, "अहो, ऐका. चर्चची सहल तळ्याकाठच्या प्रार्थनाघरात चाललीय. बस ती आणणार आहे."

"ती कोण?"

"किती मुली आहेत आपल्याला?"

मास्तरांनी छत्री उगाच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. "हे त्या गिटारवाल्याचं काम."

"त्यांनी कंपनीला सांगून तिलाच मागवलंय. मी बोलले तिच्याशी. सहल झाली की घरी येते म्हणाली. राहायला."

"माफी मागायला?"

"जेवायला. आणि तिची एक अट आहे."

"अट? बापाला?"

"पुढच्या सीटवर बसू देत, म्हणाली, नाहीतर मागून ओरडतील. पण तोंडातून एक शब्द निघाला, तर ती बस बाजूला घेणार, तुम्हाला खाली उतरवणार आणि परत या घराकडे फिरकणार नाही. कधीच नाही. 'कधीच' असं जोर देऊन म्हणाली. ओरडून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं."

 मास्तरांनी मुद्दा काढला. "शब्द म्हणजे नक्की काय?"

"शब्द म्हणजे शब्द. 'हूं' हाही शब्दच."

"आणि खोकला?"

"खोकायचं असेल तर घरी खोकून या."

आपण असल्या अटीवर कुठंही जाणार नाही, असं मास्तरांनी ठणकावून सांगितलं, आणि सहलीच्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बुटांना पॉलिश करत बसले. पाळकांनी तळ्याकाठची सुरुवातीची प्रार्थनाही त्यांच्याच गळ्यात मारली होती. "विषय आहे 'बाप', मास्तर. तुमच्याशिवाय कोण?" हा सगळा कट आहे असा मास्तरांना संशय होता. आयुष्यात घेतलेल्या हजारो संशयांपैकी हा एक खरा निघाला.

बस आली. ती गणवेशात होती, केस घट्ट बांधलेले, खिशाला पेन. दारात बाप दिसल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "बसा." मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोनं मागून दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलं. ते दाराजवळच्या पुढच्या एकट्या सीटवर बसले, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि पायाखाली चाचपून बघितलं. खाली नुसता पत्रा होता. काहीच नव्हतं दाबायला.

एवढ्यात त्यांची बहीण भलामोठा खोका सांभाळत आली. सहलीचा केक दर वर्षी हीच करायची आणि त्याचा तोरा पुढच्या सहलीपर्यंत मिरवायची. "दादा, हा तुझ्या पायाशी ठेवते. मागं कोण कधी तुडवेल नेम नाही. तुझ्या जिवावर सोपवतेय हं." झाकण किलकिलं करून तिनं दाखवलं. पांढऱ्या क्रीमवर लाल अक्षरं होती: देव आमचा बाप.

बस निघाली. मास्तर गप्प होते. बाजारातून जाताना एक हातगाडी आडवी आली, मास्तर गप्प. सिग्नल पिवळा झाला, मास्तर गप्प, फक्त छत्रीची मूठ हातात वळत होती. ती वळणाआधी कमी वेगात येत होती, आरसे बघत होती, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवत होती. मास्तर चूक शोधत होते आणि सापडत नव्हती. याचा त्यांना आनंद झाला नाही, उलट त्यांचा जीव आणखी कासावीस झाला.

मागून सेक्रेटरींनी विचारलं, "वहिनी, मास्तरांची तब्येत बरी आहे ना? बोलत नाहीत ते."

"घसा धरलाय त्यांचा."

"कशानं?"

"मीच धरलाय," बायको म्हणाली.

मागं गाणी रंगात आली. पाळक गिटार बडवत होते. देव बाप आहे, हात धरून नेतो, वगैरे. तेवढ्यात तळ्याकडे उतरणारा उतार सुरू झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा. तिनं गिअर खाली टाकला. मास्तरांच्या ओठांवर एक अख्खा धडा येऊन थांबला होता, तो त्यांनी गिळला. कडू लागला.

आणि ऐन वळणावर समोरून एक टेम्पो दुसऱ्या गाडीला मागं टाकत, सगळा रस्ता आपलाच असल्यासारखा वर आला.

मास्तरांनी ब्रेक दाबला.

सगळं आयुष्य त्या पायात एकवटलं होतं. बूट खोक्याचं झाकण फोडून आत गेला, क्रीम, अक्षरं, केक सगळं पार करून तळाच्या पत्र्याला जाऊन भिडला. मास्तर पाय दाबून, दात आवळून, डोळे विस्फारून बसले होते. बस केव्हाच थांबली होती. गचका नाही, किंकाळी नाही, मागचं गाणंसुद्धा अडखळलं नव्हतं. टेम्पोला वाट देऊन तिनं शांतपणे बस पुन्हा पुढं काढली.

मास्तर तसेच बसून राहिले. हळूहळू त्यांच्या डोक्यात उतरत होतं, की बस त्यांच्या पायाच्या आधी थांबली होती. त्यांचा पाय केकमध्ये होता. केकमध्ये पाय घालून आजवर कुठलीही गाडी थांबलेली नाही. गाडी नक्की कुणी थांबवली, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा, कुठलाही वाद न घालता कळलं.

मग तळव्याला गारवा लागला. तळ झिजलेलाच होता, क्रीम आत यायला वेळ लागला नाही. पाय काढावा तर खोका कुरकुरणार. सांगावं तर शब्द. उरलेला उतार मास्तर केकमध्ये पाय ठेवून, समोर बघत, एखाद्या पुतळ्यासारखे बसले. शब्द काढला नाही. उजवा पायमोजा भिजून चिंब झाला तरी नाही. पोरगी घरी येणार होती.

तळ्याकाठी बस थांबली. बहीण लगबगीनं पुढं आली आणि तिनं जी आरोळी ठोकली, ती ऐकून पाळकांच्या हातातली गिटार मुकी झाली.

"दादा! माझा केक!"

सगळी मंडळी दाराशी गोळा झाली. मास्तर बहिणीकडे बघेनात, कुणाकडेच बघेनात. ड्रायव्हरच्या सीटवरून मुलगी उठली, वाकली, आणि खोक्यात उतरलेल्या बापाच्या पायाकडे बघत राहिली.

"पाय काढा, पप्पा," ती म्हणाली.

मास्तरांनी पाय काढला. केकवर 'देव आमचा' एवढंच शिल्लक होतं. बाप बुटाला लागला होता.

"आता?" बहीण कंबरेवर हात ठेवून गरजली. "वहिनी म्हणाली, याला खाली उतरवायचं ठरलंय ना गं?"

"शब्द काढला तर," बायको मध्येच म्हणाली. "शब्द काढलाय का त्यांनी? कुणी ऐकलाय?"

"अगं, पण पाय!"

"पायाचं काही ठरलं नव्हतं."

 मुलीनं काच पुसायचं फडकं बापाच्या हातात ठेवलं आणि ती टायर तपासायला खाली उतरली. हसली की काय ते मास्तरांना दिसलं नाही, ती पाठमोरी होती.

प्रार्थनाघरात सगळे बसले. मास्तर उभे राहिले. बूट फडक्यानं पुसला होता, पण शिवणीत लाल क्रीम अडकलं होतं. लोकांनी मांड्या सैल केल्या. आता बराच वेळ जाणार, देवाला सगळे रस्ते सांगून होणार, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

"हे बापा," मास्तरांनी सुरुवात केली. मग थांबले. मागच्या बाकावर कुणी झोपलं नव्हतं. दाराशी गणवेशात ती उभी होती.

"बापा, तू शेजारी बसतोस." त्यांनी बुटाच्या शिवणीकडे बघितलं. "आणि आम्ही एवढे चुकत असताना गप्प बसतोस. मला वाटायचं, तू ब्रेक दाबतोस. कसं रे जमतं तुला हे?"

"आमेन," ते म्हणाले आणि खाली बसले.

मंडळी इतकी चकित झाली, की 'आमेन' म्हणायलाच विसरली. पाळकांनी तोंड उघडलं, पण सेक्रेटरींनी त्यांचा दंड दाबला. आयती लहान झालेली प्रार्थना पुन्हा लांबू नये एवढाच त्यांचा हेतू. बायको नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली, "त्याला जमतं कारण त्याच्या पायाशी कुणी केक ठेवत नाही."

केकचा न तुडवलेला भाग बहिणीनं कापून वाटला. मास्तरांना दिला नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा मुलगी बसची पुढची काच पुसत होती. मास्तर तळ्यात बूट धुऊन आले होते. एक पाय कोरडा, एक पाय पचपच करत. बराच वेळ ते तिच्या मागं उभे राहिले. काच एव्हाना दोनदा पुसून झाली होती, तरी ती पुसतच होती.

"मी," मास्तर म्हणाले आणि घाबरून बायकोकडे बघितलं. बायको आकाशाकडे बघत होती. "मी मागं बसू का?"

तिनं वळून आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे.

"पुढंच बसा," ती म्हणाली. "पण घर येईपर्यंत बूट काढून."

मास्तर बसच्या पायरीवर टेकले आणि नाडी सोडायला लागले. आधी उजव्या बुटाची.